मिसिंग करणारे इंजिन आणि इग्निशन कॉइल: कोकणातील स्पोर्ट्स कारमालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील उत्तरे पेट्रोलवर चालणाऱ्या आणि प्रत्येक सिलिंडरच्या प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या स्पोर्ट्स कारसाठी आहेत. जिथे एखाद्या विशिष्ट गाडीचे उदाहरण लागते, तिथे पोर्शे बॉक्स्टर आणि केमन यांच्या ९८७ पिढीतील सहा सिलिंडरच्या बॉक्सर इंजिनाचे उदाहरण घेतले आहे. या इंजिनात सिलिंडर आडवे असल्यामुळे कॉइल वर झाकणाखाली नसतात; त्या दोन्ही अंगांना, खालच्या बाजूला आणि एक्झॉस्टच्या शेजारी असतात. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात ही मांडणी मालकाची चांगलीच परीक्षा पाहते.

प्रश्न: इंजिन मिसिंग करते म्हणजे आत नेमके काय घडते?

एखाद्या सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचे मिश्रण वेळेवर पेटत नाही किंवा अर्धवट पेटते. त्या सिलिंडरकडून मिळायला हवा असलेला धक्का क्रँकशाफ्टला मिळत नाही आणि त्या क्षणापुरता शाफ्ट किंचित मंदावतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हे क्रँकच्या सेन्सरवरून ओळखतो. कोणत्या कोनात वेग कमी झाला हे माहीत असल्यामुळे त्याला सिलिंडरचा क्रमांकही सांगता येतो.

मिश्रण पेटण्यासाठी ठिणगी, पेट्रोल, हवा आणि दाब या चार गोष्टी लागतात. कॉइलचा संबंध फक्त ठिणगीशी आहे. बॅटरीचे १२ व्होल्ट ती २० ते ४० हजार व्होल्टपर्यंत वाढवते आणि प्लगच्या फटीतून ठिणगी पाडते. उरलेल्या तीन कारणांनीही नेमकी अशीच मिसिंग होते, आणि नवी कॉइल घेण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवले तरी बराच खर्च वाचतो.

प्रश्न: घाट चढताना चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला आणि गाडी थरथरू लागली. पुढे जावे की थांबावे?

दिवा स्थिर लागणे आणि लुकलुकणे या दोन वेगळ्या सूचना आहेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे एक्झॉस्टमधील धूर शुद्ध करणाऱ्या भागाला, इजा होईल इतकी मिसिंग सुरू असताना दिवा लुकलुकतो. न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधून कन्व्हर्टरमध्ये पोहोचते आणि तिथे जळते. मग कन्व्हर्टरचे तापमान इतके वाढते की आतील जाळी वितळू शकते. कॉइलच्या तुलनेत कन्व्हर्टरची किंमत कितीतरी पट जास्त असते.

म्हणून ॲक्सिलरेटर लगेच सोडावा आणि आंबा, कुंभार्ली किंवा आंबोली घाटात असाल तर पहिल्या सुरक्षित रुंद जागी गाडी बाजूला घ्यावी. इंजिन बंद करून काही मिनिटांनी पुन्हा सुरू केल्यावर दिवा स्थिर राहिला, तर कमी ॲक्सिलरेटरवर जवळच्या गावापर्यंत जाणे क्षम्य आहे. लुकलुकणे कायम राहिले, तर मात्र गाडी सपाट ट्रकवरच न्यावी. स्पोर्ट्स कारचा पुढचा ओठ जमिनीलगत असतो, म्हणून ट्रकवाल्याला फोनवरच लांब उताराच्या फळ्या आणायला सांगावे. साध्या क्रेनला पुढून टांगून नेण्याचा प्रस्ताव आला तर तो नाकारावा.

मिसिंग घाटातच का उघडी पडते, तेही पाहू. प्लगच्या फटीतून ठिणगी पाडायला लागणारे व्होल्टेज सिलिंडरमधील हवेच्या घनतेबरोबर वाढते. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून चढ चढताना सिलिंडर हवेने भरलेला असतो आणि कॉइलला जास्तीत जास्त व्होल्टेज द्यावे लागते. इन्सुलेशनला बारीक तडा असेल तर वीज प्लगऐवजी त्या तड्यातून शेजारच्या धातूत उडी मारते. टर्बो इंजिनात हे अधिक ठळकपणे दिसते. अशा गाडीचे इंजिन सपाटीवर आणि आयडलला गुळगुळीत चालते, मग गॅरेजमध्ये 'काही दोष नाही' असे उत्तर मिळते. त्यात मेकॅनिकची चूक असतेच असे नाही. त्याला गाडी घाटात चालवून दाखवावी लागते.

प्रश्न: स्कॅनरवर पी०३०३ असा कोड आला. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल मागवू का?

नको, अजून नको. हा कोड तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग झाल्याचे सांगतो. ती कशामुळे झाली, हे तो सांगत नाही. दोष कॉइलचा असेल, प्लगचा असेल, इंजेक्टरचा, वायरिंगचा किंवा झडपेचाही असेल. पी०३०१ पासून पुढचे कोड याच पद्धतीने एकेका सिलिंडरचे असतात, तर पी०३०० चा अर्थ मिसिंग एका सिलिंडरपुरती मर्यादित नाही किंवा सिलिंडर निश्चित करता आलेला नाही असा होतो. पी०३०० आल्यावर कॉइलचा संशय उलट कमी करावा, कारण सगळ्या कॉइल एकाच दिवशी जात नाहीत. अशा वेळी इनटेकमधून शिरणारी चोरटी हवा, पेट्रोलचा कमी दाब, खराब पेट्रोल किंवा क्रँक सेन्सर यांकडे आधी पाहावे.

पी०३५१ पासून सुरू होणारी मालिका मात्र थेट कॉइलच्या सर्किटची आहे. पी०३०३ बरोबर पी०३५३ आला, तर तिसरी कॉइल, तिचा कपलर (तारांचा जोड) किंवा ईसीयूपर्यंतची तार यांपैकी एकात दोष आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. तरीही तडा गेलेली कॉइल हा दुसरा कोड देईलच असे नाही. तिचे सर्किट विद्युतदृष्ट्या शाबूत असते, फक्त ठिणगी भलत्या जागी पडते.

कोड पुसण्यापूर्वी त्याच्यासोबत साठवलेला 'फ्रीझ फ्रेम' उतरवून घ्यावा. दोष आला त्या क्षणीचे आरपीएम, इंजिनावरील भार आणि कूलंटचे तापमान त्यात असते. मिसिंग थंड इंजिनात, हलक्या भारावर झाली आणि इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचे (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारे) असेल, तर इनटेकच्या झडपांवर साचलेल्या कार्बनचा विचार करावा. भर घाटात, गरम इंजिनात आणि मोठ्या भारावर झाली असेल, तर ठिणगीकडे वळावे. फ्यूएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतो आहे त्याचे, आकडेही पाहावेत. उणे-अधिक ५ टक्क्यांच्या आत असतील तर काळजी नाही. दीर्घकालीन ट्रिम अधिक १० टक्क्यांच्या वर स्थिरावला असेल, तर इंजिनाला हिशेबाबाहेरची हवा मिळते आहे किंवा पेट्रोल कमी पडते आहे.

प्रश्न: यासाठी महागडा कंपनीचा स्कॅनर हवाच का?

पहिल्या टप्प्यासाठी नको. युरोपात पेट्रोल गाड्यांना ओबीडीची (गाडीनेच दोष नोंदवून ठेवण्याची) सोय २००१ पासून सक्तीची आहे, त्यामुळे ९८७ पिढीची गाडी साध्या ओबीडी-२ रीडरलाही उत्तर देते. त्यावर कोड, फ्रीझ फ्रेम आणि ट्रिम दिसतात. प्रत्येक सिलिंडरची मिसिंग मोजणारा चालू आकडा पाहायचा असेल, किंवा एकेका सिलिंडरचे इंजेक्टर बंद करून चाचणी घ्यायची असेल, तर त्या कंपनीची भाषा जाणणारे सॉफ्टवेअर लागते.

प्रश्न: मृग लागला की मिसिंग सुरू होते आणि दिवाळीनंतर आपोआप थांबते. असे का?

कॉइलचे वेटोळे राळेत ओतून बंद केलेले असते. एक्झॉस्टशेजारच्या उष्णतेने ती राळ वर्षानुवर्षे फुगते, आकसते आणि शेवटी केसाएवढ्या तडा पडतात. कोरड्या हवेत त्या तडांतून वीज बाहेर पडायला वाव कमी असतो. पाणी शिरले की वाट तयार होते, आणि ते पाणी समुद्रकाठचे, म्हणजे मीठ विरघळलेले असेल तर ती वाट आणखी सोपी होते. मालवण, देवगड, गुहागर किंवा हर्णै अशा ठिकाणी उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर पाऊस नसतानाही खारा थर बसत असतो. ९८७ च्या कॉइल खालच्या अंगाला असल्यामुळे मागच्या चाकांनी उडवलेले पाणी त्यांच्यापर्यंत सहज पोहोचते. ९८७ च्या २००८ पर्यंतच्या गाड्यांत असलेल्या एम९६ आणि एम९७ कुळातील इंजिनांच्या कॉइलना तडे जाणे मालकांना आणि मेकॅनिकना जगभर परिचित आहे. कोकणात ते फक्त लवकर उघडकीस येते.

दिवाळीनंतर मिसिंग थांबते याचा अर्थ दोष बरा झाला असा नाही. उलट कोरडा काळ हाच तपासणीचा आणि कामाचा मोसम आहे. एप्रिल-मे मध्ये दोन्ही बाजूंच्या कॉइल बाहेर काढून उजेडात फिरवून पाहिल्या, तर पुढचा पावसाळा चिंतेत जात नाही. तडे बहुधा कॉइलच्या बाहेरील, जाड भागावर दिसतात. कपलरच्या पिनांवर हिरवट थर असेल तर तो काँटॅक्ट क्लीनरने काढावा, आणि पिन खाल्ली गेली असेल तर नुसती कॉइल बदलून उपयोग नाही, कपलरही बदलावा लागतो.

एक सवय मात्र सोडावी. चिखल धुण्यासाठी सर्व्हिसिंगच्या ठिकाणी गाडीखालून प्रेशरचे पाणी मारतात. ते कॉइलच्या दिशेने जाऊ देऊ नये, आणि गेलेच तर इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत गाडी चालवून मगच ती उभी करावी.

प्रश्न: कॉइलच दोषी आहे हे खात्रीने कसे ठरवावे?

अदलाबदल करून. याहून स्वस्त आणि निर्णायक चाचणी नाही. समजा मिसिंग तिसऱ्या सिलिंडरची आहे. इंजिन थंड असताना तिसरी कॉइल काढून त्याच बाजूच्या, हात सहज पोहोचेल अशा सिलिंडरवर, समजा पहिल्यावर, लावावी आणि पहिली तिसऱ्यावर लावावी. प्लगला या वेळी हात लावू नये. दोन्ही गोष्टी एकदम हलवल्या तर चाचणीला अर्थ उरत नाही. कोड पुसून, ज्या परिस्थितीत मिसिंग येत होती त्याच परिस्थितीत गाडी चालवावी. ओल्या रस्त्यावर येत असेल तर ओल्या रस्त्यावर, चढावर येत असेल तर चढावर.

आता पी०३०१ आला, तर दोष कॉइलबरोबर गेला आणि कॉइल दोषी ठरली. पुन्हा पी०३०३ च आला, तर कॉइल निर्दोष आहे. मग प्लगची अदलाबदल करावी आणि त्यानंतर शक्य असल्यास इंजेक्टरची. कोडच आला नाही, तर बहुधा सैल किंवा गंजलेला कपलर काढता-घालताना तात्पुरता नीट बसला आहे. असे झाले तर काम संपले असे न मानता कपलरच्या पिना भिंगाखाली पाहाव्यात.

केमनच्या बाबतीत एक अडचण खरी आहे. कॉइलपर्यंत पोहोचण्यासाठी गाडी उचलून मागचे चाक काढावे लागते, त्यामुळे अदलाबदल करून पुन्हा सगळे जोडून चाचणी घेण्याचा कंटाळा येतो आणि 'सहाच्या सहा नव्या टाका' हा सल्ला आकर्षक वाटतो. गाडी जुनी असेल आणि तडे डोळ्यांना दिसत असतील, तर तो सल्ला मानण्यात वावगे काही नाही. तडे दिसत नसतील, तर आधी अदलाबदल करावी.

प्रश्न: आमचा मेकॅनिक चालू इंजिनावर एकेक कॉइल उपसून कोणता सिलिंडर मेला आहे ते ओळखतो. ही पद्धत योग्य आहे का?

डिस्ट्रिब्यूटर आणि प्लगच्या वायरींच्या काळात ती सर्रास वापरली जात असे. आजच्या कॉइलवर ती वापरू नये. कॉइलला ठिणगी पाडायला जागाच उरली नाही, की तयार झालेले व्होल्टेज तिच्या स्वतःच्या इन्सुलेशनवर किंवा आतील इलेक्ट्रॉनिक स्विचवर उलटते. चांगली कॉइल तपासता तपासता बाद होते, क्वचित ईसीयूलाही झळ लागते. हाताला बसणारा झटका हा वेगळाच प्रश्न आहे, आणि पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने तर चालू इग्निशनच्या जवळपास फिरकू नये. सिलिंडर तात्पुरता बंद करायचाच असेल तर स्कॅनरवरून त्याचे इंजेक्टर बंद करावे. त्यात पेट्रोलच थांबते, त्यामुळे कन्व्हर्टरही वाचतो.

इंजिनावर पाण्याचा फवारा मारून अंधारात ठिणग्या पाहण्याची युक्तीही ऐकायला मिळते. ९८७ मध्ये कॉइलशेजारी तापलेला एक्झॉस्ट असतो, त्यामुळे ती तिथे नको.

प्रश्न: मल्टिमीटरने कॉइल तपासता येते का?

जुन्या दोन पिनांच्या कॉइलमध्ये प्राथमिक वेटोळ्याचा रोध मोजता येतो. तीन किंवा चार पिनांच्या कॉइलमध्ये स्विचिंगचे इलेक्ट्रॉनिक्स आतच असते, त्यामुळे मीटरवर येणाऱ्या आकड्याचा अर्थ लागत नाही. शिवाय मीटर फार कमी व्होल्टवर मोजतो. ३० हजार व्होल्टला फुटणारा तडा त्याला दिसणार नाही. मीटरचा खरा उपयोग कपलरवर होतो. इग्निशन चालू असताना तिथे बॅटरीइतके व्होल्ट येतात का आणि अर्थिंग नीट आहे का, एवढे त्याने पाहावे.

प्रश्न: काढलेल्या प्लगकडे पाहून काय समजते?

पुष्कळ समजते. पांढऱ्या सिरॅमिकवर, धातूच्या षट्कोनालगत, तपकिरी रंगाचे कडे दिसले तर घाबरू नये. ते उच्च व्होल्टेजमुळे हवेतील तेलकट कण चिकटून बनते आणि निरुपद्रवी असते. सिरॅमिकवर उभी काळी रेघ दिसली, तर मात्र वीज बाहेरून घसरत धातूत गेली आहे. तशीच रेघ कॉइलच्या रबरी नळीच्या आतही उमटलेली असते. अशा वेळी प्लग आणि ती नळी, किंवा नळी वेगळी मिळत नसेल तर पूर्ण कॉइल, दोन्ही एकत्र बदलावीत. एकच बदलले तर जुन्या भागावरची कार्बनची वाट नव्या भागालाही खराब करते.

प्लगची फट झिजून रुंदावली असेल, तर ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागते आणि कॉइलवर कायमचा ताण येतो. अनेक 'गेलेल्या' कॉइलचा खरा मारेकरी हा जुना प्लगच असतो. स्पोर्ट्स कारच्या पुस्तिकेत प्लगसाठी किलोमीटरबरोबर वर्षांचीही मर्यादा असते. वर्षाला मोजके किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे मालक ही दुसरी मर्यादा हमखास विसरतात.

हेडमधील ज्या नळीत प्लग बसतो तिच्यात तेल साचलेले दिसले, तर एम९६ आणि एम९७ इंजिनांत नळीच्या ओ-रिंग निकामी झालेल्या असतात. त्या स्वस्त आहेत आणि सगळे उघडलेलेच असते, म्हणून त्याच वेळी बदलाव्यात. तेलात भिजून रबर मऊ पडले, की नवी कॉइलही फार काळ टिकत नाही.

प्रश्न: खराब रस्त्यावरून गेल्यावरच मिसिंगचा कोड येतो. हे शक्य आहे का?

शक्य आहे. मिसिंग ओळखली जाते ती क्रँकच्या वेगातील चढउतारावरून, आणि खड्ड्यात चाक आपटल्यावर तोच चढउतार ड्राइव्हट्रेनमधून उलट क्रँकपर्यंत पोहोचतो. अनेक गाड्या एबीएसच्या चाक-सेन्सरवरून रस्ता खडबडीत असल्याचे ओळखून अशा वेळी मोजणी थांबवतात, पण दरवेळी ते साधतेच असे नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या कामाचा जो टप्पा ज्याच्या वाट्याला येतो, त्याने हा अनुभव घेतलेला असण्याची शक्यता आहे. इंजिन थरथरले नसेल, दिवा स्थिर असेल आणि गुळगुळीत रस्त्यावर कोड परत येत नसेल, तर पैसे खर्च करू नयेत.

प्रश्न: गाडी गावच्या घरी ठेवलेली असते आणि गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर ती चालत नाही. काय तपासावे?

आधी उंदीर. माडाच्या वाडीत किंवा भाताच्या कोठाराशेजारी उभ्या राहिलेल्या गाडीत त्यांनी वायरिंग कुरतडणे हे मिसिंगचे कोकणातील एक प्रमुख कारण आहे, आणि नव्या कॉइलने ते जाणारे नाही. कपलरपासून मागे जाणाऱ्या तारा हाताने चाचपून पाहाव्यात. मग बॅटरी तपासावी, कारण व्होल्टेज कमी असले तर कॉइल पूर्ण भरत नाही आणि सुरुवातीची काही मिनिटे मिसिंग येते. शेवटी टाकीकडे यावे. इथेनॉल ओलावा शोषून घेते. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल महिनोन्महिने दमट हवेत अर्ध्या टाकीत राहिले, तर त्यात पाणी शिरण्याची शक्यता वाढते. दीर्घकाळ उभी ठेवायची गाडी टाकी भरून ठेवावी, आणि परतल्यावर मिसिंग आली तर कॉइल उघडण्यापूर्वी ताजे पेट्रोल भरून पाहावे.

प्रश्न: कॉइल बदलण्याचे काम घरी करता येईल का?

गाडीवर अवलंबून आहे. ज्या गाड्यांत इंजिन पुढे आणि कॉइल वर असतात, तिथे प्लास्टिकचे झाकण काढून, कपलर सोडवून कॉइल सरळ वर ओढायची असते. बीएमडब्ल्यू झेड४ च्या एन५२ सारख्या सहा सिलिंडर इंजिनात तर बोल्टही नसतो, खटका उचलला की कॉइल सुटते. ऑडी टीटी किंवा फोर्ड मस्टँग यांचे मालकही थोड्या धीराने हे काम करू शकतात.

९८७ साठी गाडी मागून उचलावी लागते, आणि इथे सर्वात जास्त काळजी हवी. जमीन सपाट आणि काँक्रीटची असावी. लाल मातीत जॅक स्टँडचे पाय पावसानंतर रुततात. अंगणात सहज हाताशी असतात म्हणून जांभ्याचे चिरे गाडीखाली रचणे सर्वस्वी चुकीचे आहे. चिरा सच्छिद्र असतो आणि भाराखाली सूचना न देता फुटतो. योग्य क्षमतेचे जॅक स्टँड गाडीच्या नेमून दिलेल्या जागांवरच लावावेत आणि गाडी हाताने हलवून पाहिल्याशिवाय खाली जाऊ नये.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे निघून येतात. बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. मागची चाके काढल्यावर दोन्ही बाजूंना तीन-तीन कॉइल दिसतात. काहींवर उष्णतारोधक पत्रा असतो आणि त्याचे बोल्ट खाऱ्या हवेने गंजलेले असतात, म्हणून आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. कपलरचा खटका आधी दाबून मग ओढावा, तार धरून ओढू नये. जुने प्लास्टिक ठिसूळ झालेले असते. कॉइलचे बोल्ट ५ मिलिमीटरच्या ॲलन कीने सुटतात. कॉइल किंचित फिरवून, चिकटलेले रबर मोकळे करून बाहेर घ्यावी.

प्लग सोडण्यापूर्वी नळीत हवेचा झोत मारावा. इथल्या तांबड्या धुळीचा कण सिलिंडरमध्ये पडला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. नवा प्लग आधी हातानेच, सॉकेट आणि एक्स्टेन्शन बोटांनी फिरवत बसवावा, आणि मग टॉर्क रेंचने ३० न्यूटन-मीटरपर्यंत घट्ट करावा. निकेलचा मुलामा असलेल्या प्लगच्या आट्यांना अँटीसीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायचे वंगण) लावू नये. आटे निसरडे झाले की तोच टॉर्क प्रत्यक्षात जास्त पडतो. कॉइलच्या रबराच्या आतल्या कडेला डायलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्यावा, जेणेकरून ओलावा आत जात नाही आणि पुढच्या वेळी रबर फाटत नाही. कॉइलचे बोल्ट १० न्यूटन-मीटरला थांबवावेत. हे आकडे याच इंजिनांचे आहेत. आपल्या गाडीचे आकडे तिच्या दुरुस्ती-पुस्तिकेतून घ्यावेत.

गाडीच्या मागच्या भागात इंजिन असलेल्या ९११ ला हेच काम जास्त जिकिरीचे आहे, कारण तिथे बहुधा मफलर सैल करावा किंवा काढावा लागतो. ते गॅरेजवर सोडलेले बरे.

प्रश्न: एकच कॉइल बदलावी की सगळ्या?

काम सोपे असेल आणि कॉइल नव्या असतील, तर एकच. ९८७ सारख्या गाडीत सगळ्या कॉइल सारख्याच वयाच्या असतील आणि दोन-तिघींवर तडे दिसत असतील, तर सहाही कॉइल आणि सहाही प्लग एकदम बदलावेत. मजुरी आणि चाके काढण्याची कटकट एकदाच होते. जुन्यांपैकी तडा न गेलेल्या कॉइल पुसून, सिलिंडरचा क्रमांक लिहून ठेवाव्यात.

प्रश्न: कॉइल कुठून घ्याव्यात? ऑनलाइन अर्ध्या किमतीला मिळतात.

गाडीच्या कंपनीला कॉइल पुरवणारे उत्पादक, जसे बेरू, बॉश, डेन्सो किंवा एल्डोर, आपल्याच नावाने त्याच दर्जाच्या कॉइल विकतात, आणि त्या कंपनीच्या खोक्यातल्या कॉइलपेक्षा स्वस्त पडतात. त्या घ्याव्यात. नाव नसलेल्या अर्ध्या किमतीच्या कॉइलची राळ किती चांगली आहे हे बाहेरून कळत नाही आणि कोकणातला पहिलाच जुलै ते दाखवून देतो. भाग क्रमांक गाडीच्या चासिस क्रमांकावरून ताडून घ्यावा. दिसायला सारख्या कॉइलची सुधारित आवृत्ती अनेकदा वेगळ्या क्रमांकाची असते. खोके उघडताना छपाईतील अस्पष्टता, उघडून पुन्हा चिकटवलेले सील आणि पिनांवरील जुने ओरखडे पाहावेत.

प्रश्न: नवी कॉइल, नवा प्लग टाकूनही त्याच सिलिंडरची मिसिंग येते. आता काय?

आता ठिणगीचा विषय संपला, असे समजून पुढे जावे. इंजेक्टरची तार तपासावी आणि त्याची अदलाबदल करावी. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. सिलिंडरांतील फरक साधारण १० ते १५ टक्क्यांच्या आत असावा. कॉम्प्रेशन कमी आले तर उभ्या इंजिनात सिलिंडरमध्ये थोडे तेल टाकून पुन्हा मोजतात आणि दोष रिंगचा की झडपेचा हे ठरवतात. बॉक्सर इंजिनात ही युक्ती फसवते, कारण आडव्या सिलिंडरमध्ये तेल खालच्या बाजूला साचते आणि रिंगभोवती सगळीकडे पसरत नाही. तिथे लीक-डाउन चाचणी घ्यावी. हवा सोडल्यावर आवाज इनटेकमधून येतो, एक्झॉस्टमधून येतो की तेल भरण्याच्या तोंडातून, यावरून गळती कुठे आहे ते समजते.

एम९६ आणि एम९७ इंजिनांत एक गंभीर शक्यता असते, ती म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर पडणारे ओरखडे. एकाच सिलिंडरचा प्लग वारंवार तेलकट काळा होत असेल, तेल पूर्वीपेक्षा जास्त लागत असेल आणि गरम इंजिनात ठकठक ऐकू येत असेल, तर बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घालून पाहिल्याशिवाय आणखी एकही सुटा भाग विकत घेऊ नये.

प्रश्न: गाडी पुराच्या पाण्यातून गेली. ती सुरू करून कॉइल वाळवाव्यात का?

पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आले असेल, तर गाडी अजिबात सुरू करू नये. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा असंख्य वाहने पूर्ण बुडाली होती. अशा गाडीच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि स्टार्टर मारला, तर पाणी दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी सोडवावी, प्लग काढावेत, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढावे आणि तेलाचा रंग पाहावा. तेल दुधाळ झाले असेल तर ते बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. कॉइलचा विचार या सगळ्यानंतर करावा, आणि पुराच्या पाण्यात बुडालेल्या जुन्या कॉइल वाळवत बसू नये.

प्रश्न: प्रवासात एखादी सुटी कॉइल सोबत ठेवावी का?

कॉइल वरून निघणाऱ्या गाडीत जरूर ठेवावी. सोबत योग्य मापाचा सॉकेट, छोटा ओबीडी रीडर आणि एक जोडी हातमोजे असावेत. मग राजापूर किंवा सावंतवाडीजवळ थांबलेली गाडी रस्त्याकडेलाच मार्गी लागते. ९८७ मध्ये ती रस्त्यावर बसवणे व्यवहार्य नाही, तरीही ठेवावी. जवळच्या गॅरेजकडे लिफ्ट असते आणि हातही असतात, पण या गाडीची कॉइल नसते. ती मुंबई-पुण्याहून येईपर्यंत गाडी तिथे अडकून राहते. कॉइल मूळ खोक्यात, सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात घालून पुढच्या डिकीत ठेवावी, आणि डब्यावर भाग क्रमांक लिहावा.